दुसऱ्याच्या ओंजळीचे पाणी

वृद्ध गवयाने काय गावे, याविषयी रसिकमंडळींची मते फार ठाम असतात. तरुणपणी ज्या गाण्यांनी नाव मिळाले तीच त्याने अखेरपर्यंत आळवावीत, अथवा अंगात धमक असेल तर नवी रचून दाखवावीत. तिसरी वाट त्यास मोकळी नाही. ही तिसरी वाट म्हणजे दुसऱ्यांनी रचलेली, दुसऱ्यांनी पूर्वी गायिलेली गाणी आपल्या गळ्याने गाणे. पाश्चात्त्य रॉक-संगीतात अशा गाण्यास 'कव्हर' म्हणतात; आणि एखाद्या नामांकित जुन्या गायकाने बहुतांशी कव्हरांचाच अल्बम काढला, म्हणजे 'बुवांची विहीर आटली, आता दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे सुरू झाले' असा निकाल, तबकडी अर्धी ऐकून होण्याच्या आतच, दिला जातो. हा निकाल परदेशी वृत्तपत्रांतच मिळतो असे नाही. ज्या घरांतून हे संगीत आज दोन-तीन पिढ्या आवडीने ऐकिले जाते, अशा आमच्या ओळखीच्या मराठी घरांतूनही तो आम्ही अनेकवार ऐकिला आहे. आणि खरे सांगावयाचे तर एके काळी आम्ही स्वतःही तो दिलेला आहे. आज तो आम्हांस नुसता अन्यायाचा नव्हे, तर उफराटा वाटतो. ज्या ठिकाणी दुसऱ्याचे नाव पुसले गेले तेथे जयजयकार, आणि ज्या ठिकाणी ते चोख लिहिले गेले तेथे तुच्छता, असा हा न्याय आहे. आमचे म्हणणे मोघम राहू नये म्हणून आम्ही एकच गायक व त्याचा एकच अल्बम पुढे घेतो. गायक रॉबर्ट प्लँट. अल्बम 'बँड ऑफ जॉय', प्रसिद्धी सप्टेंबर २०१०.

प्लँटचा जन्म २० ऑगस्ट १९४८ रोजी इंग्लंडातील वेस्ट ब्रॉमिच येथे झाला. १९६८ पासून १९८० पर्यंत, म्हणजे ड्रमवादक जॉन बॉनम याच्या मृत्यूपर्यंत, तो 'लेड झेपेलिन' या मंडळीचा गायक होता. आणि त्या बारा वर्षांत त्याने जो तार सप्तकातील आक्रोश लोकांच्या कानांत भरून ठेविला, त्याच मापाने पुढे रॉक-गायकांचे गळे मोजले जाऊ लागले. १० डिसेंबर २००७ रोजी लंडन येथे उरलेली मंडळी, बॉनमच्या मुलास ड्रमवर बसवून, एका रात्रीपुरती पुन्हा एकत्र आली. झाले! जगभरच्या भक्तांनी एकच धोशा लाविला, की आता दौरा काढा. प्लँटने २००८ साली साफ नकार दिला, आणि दोन वर्षांनी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे, बडी मिलर या गिटारवादकाच्या साहाय्याने, हा अल्बम तयार केला. यात गाणी बारा. त्यांपैकी शब्द-सुरांसह प्लँट व मिलर यांचे असे एकच, 'सेंट्रल टू-ओ-नाइन'. बाकी अकरांचे शब्द दुसऱ्यांचे वा परंपरेचे. अल्बमचे नाव तेवढे जुने: झेपेलिनच्या आधी प्लँट आणि बॉनम ज्या अप्रसिद्ध मंडळीत एकत्र होते, तिचे. भक्तांनी कपाळावर हात मारून घेतला. ज्याच्या घरी सोन्याची खाण, तो शेजाऱ्याच्या दारी कथील मागावयास का जातो?

या प्रश्नाच्या मुळाशी जी समजूत आहे ती आधी तपासली पाहिजे. गाणारा तोच रचणारा असला पाहिजे, नाही तर तो अर्धाच कलावंत, असे ही मंडळी जणू वेदवाक्य म्हणून धरून चालतात. वस्तुतः रॉक-संगीताचा जन्म झाला तेव्हा या वाक्याचा कोणास पत्ताही नव्हता. एल्व्हिस प्रेस्लीची कीर्ती ज्या गाण्यांवर उभी आहे ती बहुतेक सर्व दुसऱ्यांनी लिहिलेली. बॉब डिलन याच्या १९६२ च्या पहिल्या अल्बमात तेरांपैकी दोनच गाणी त्याची स्वतःची. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या अल्बमात चौदांपैकी सहा परक्यांची. पुढे याच डिलनने व याच बीटल्सनी स्वतः रचण्याचा असा काही पाऊस पाडिला, की स्वरचित गाणे हे रॉक-गायकाचे जानवे होऊन बसले. ते ज्याच्या गळ्यात नाही तो पंक्तीबाहेर! या अभिमानास पैशाचाही टेकू होता, हे विसरू नये. गाणे स्वतःचे असले म्हणजे रचणाराचा हिस्साही घरातच राहतो. प्रतिभेचा हट्ट आणि हिशेबाची वही यांचे इतके गोत्र जमलेले क्वचितच आढळते.

आता ज्या खाणीचा एवढा बडेजाव, तिच्यातील सोने कोठले ते पाहू. 'लेड झेपेलिन टू' हा अल्बम १९६९ सालचा. त्याच्या आरंभीच 'होल लॉटा लव्ह' हे गाणे आहे, व ते ज्याने ऐकिले नाही असा रॉक-रसिक सापडणे कठीण. तबकडीवर कर्ते म्हणून मंडळीतील चौघांची नावे छापली होती. परंतु त्यातील शब्दांचा बराच भाग विली डिक्सन याच्या 'यू नीड लव्ह' या गाण्यातून आलेला होता, आणि ते गाणे मडी वॉटर्स याने १९६२ सालीच गाऊन ठेविले होते. डिक्सनचा जन्म १९१५ साली मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गचा; शिकागोच्या ब्लूज-संगीताचे निम्मे वैभव या एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या लेखणीतून उतरले म्हटले तरी अतिशयोक्ती फारशी होणार नाही. १९८५ साली त्याने दावा लाविला. १९८७ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मग त्याचे नाव तबकडीवर आले. गाणे प्रसिद्ध झाल्यापासून तडजोडीपर्यंत अठरा वर्षे गेली. त्याच अल्बमातील 'द लेमन साँग' या गाण्यात हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोअर'चा अंश होता. तेथेही १९७२ साली प्रकाशकाने दावा केला व तडजोड करावी लागली. पहिल्या अल्बमातील 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे एकट्या जिमी पेजच्या नावावर होते; त्याच नावाचे गाणे जेक होम्स याने १९६७ सालीच प्रसिद्ध केले होते. होम्स न्यायालयात गेला तो २०१० साली, म्हणजे ज्या वर्षी 'बँड ऑफ जॉय' निघाला नेमका त्याच वर्षी. आणि २०१२ साली ते प्रकरण मिटले.

आम्ही एकतर्फी बोलत आहोत असे कोणी म्हणू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. झेपेलिनच्या पहिल्याच अल्बमात डिक्सनची दोन गाणी त्याच्या नावानिशी आहेत. १९७१ सालच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यावर मेम्फिस मिनी हिचे नाव पहिल्यापासून आहे. 'स्टेअरवे टू हेवन' हे गाणे उसने असल्याचा जो गाजलेला दावा झाला, त्यात २०१६ साली ज्यूरीने झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, व २०२० साली वरच्या न्यायालयाने तो कायम केला. शिवाय त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट एकट्या झेपेलिनचीच नव्हती. डिक्सनचे तेच गाणे 'स्मॉल फेसेस' या मंडळीने १९६६ सालीच जवळजवळ तसेच आपल्या नावावर घातले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, शब्द डिक्सनचे असले तरी त्याभोवती उठविलेले ते वादळ पेजचे, बॉनमचे व प्लँटचे होते, यात तिळमात्र शंका नाही. त्यांनी घेतले याबद्दल आमची तक्रार नाहीच. घेतल्यावाचून कोणते संगीत जगले आहे? तक्रार एवढीच, की घेतले तेथे देणाराचे नाव लिहिले नाही. प्लँटने पुढे एका मुलाखतीत ती उचल होती हे हसतखेळत मान्य केले आहे. मान्य न करणारांपेक्षा तो बरा.

या प्रकरणात एक शब्द आम्हांस फार बोचतो. तो शब्द 'पारंपरिक'. पहिल्या अल्बमातील 'बेब, आय'म गॉना लीव्ह यू' या गाण्यावर 'पारंपरिक, मांडणी पेज' असे छापले गेले. म्हणजे रचणारा कोणी नाही, डोंगरदऱ्यांतून वाहत आलेले धन आहे, कोणीही घागर भरावी. वास्तविक ते गाणे ॲन ब्रेडन नावाच्या एका बाईचे, बाई तेव्हा हयात, जोन बाएझच्या तोंडून ते लोकांत पसरले, आणि पसरता पसरता बाईंचे नाव गळाले. १९९० पासून ते पुन्हा छापले जाऊ लागले. परंपरेचा गौरव करणारा शब्दच एखाद्या जिवंत माणसाच्या नावावर पडदा म्हणून पडावा, हा प्रकार चोरीहूनही चमत्कारिक आहे, कारण येथे कोणास चोरी केल्यासारखे वाटतही नाही.

आपल्याकडे या बाबतीत एक मोठी सोय आहे, तिचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ख्यालगायकास कोणी विचारीत नाही, की बुवा, ही चीज तुमची की सदारंगाची? विचारण्याचे कारणच नाही. सदारंगाने आपली मुद्रा चिजेतच गुंफून ठेविली आहे, व अंतरा गाताना गवयास ती आपल्या तोंडाने उच्चारावीच लागते. तुकोबांचा अभंग गाणाऱ्या कीर्तनकाराचेही तेच. नाव गाण्याच्या पोटातच असल्यामुळे ते गाळावयाचे तर कडवेच मोडावे लागेल. उलट आपल्याकडे उचलेगिरी झाली ती विरुद्ध दिशेने: कोणी अज्ञात इसमाने स्वतः अभंग रचावा आणि त्यावर तुकोबांची मुद्रा ठोकावी! संशोधकांस त्याचा उपद्रव झाला खरा, परंतु त्यात कोणाचे नाव बुडाले असेल तर ते त्या रचणाराचेच. विली डिक्सनच्या गाण्यात मुद्रा असती, तर प्लँटला ती चौदा देशांच्या रंगमंचांवर आक्रोशून सांगावी लागली असती. तथापि एवढ्यावरून 'आमच्याकडे सर्व ठीक' असे म्हणत कोणी मांडी ठोकू नये. १९७२ साली पेज व प्लँट मुंबईस आले असता त्यांनी येथल्या वादकांना घेऊन आपली 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती २०१५ साली 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत प्रसिद्ध झाली. शीर्षकात त्या वादकांची ओळख 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढीच. शहराचे नाव आले, हातांचे आले नाही. आणि मुंबईकरांनीही ते हात कोणाचे होते म्हणून काही फारशी चौकशी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असो. आता प्रत्यक्ष अल्बमाकडे वळू. पहिलेच गाणे 'एंजल डान्स' हे 'लॉस लोबोस' या लॉस एंजलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन मंडळीचे, १९९० च्या त्यांच्या 'द नेबरहुड' अल्बमातील. मुलाला गोंजारून धीर द्यावा असा त्याचा भाव आहे, आणि प्लँट ते तसेच, आवाज न चढविता, मँडोलिनच्या ठेक्यावर गातो. ज्याला तो जुना आक्रोश हवा आहे, त्याची येथेच निराशा होते. त्याने पुढील गाण्यांची वाट पाहू नये, कारण बाराही गाण्यांत तो आक्रोश नाही. गळा राहिला नाही म्हणून हे केले, असे म्हणणारांस आमचे उत्तर असे, की गळा राहिला नसता तर तो लपविण्यासाठी वाद्यांचा गलबला वाढविला असता. येथे वाद्ये इतकी विरळ आहेत, की श्वासदेखील ऐकू येतो.

याचा परमावधी 'सिल्व्हर रायडर' या गाण्यात होतो. मूळ गाणे 'लो' या मंडळीचे. मिनेसोटा राज्यातील डुलूथ गावचे ॲलन स्पारहॉक व मिमी पार्कर हे पती-पत्नी तिचे प्राण. संथपणा हीच त्यांची विद्या. त्यांच्या २००५ च्या 'द ग्रेट डिस्ट्रॉयर' या अल्बममधून प्लँटने एक सोडून दोन गाणी उचलली, 'सिल्व्हर रायडर' आणि 'मंकी'. येथे 'उचलली' हा शब्द आम्ही चांगल्या अर्थाने योजितो. दोन्ही गाण्यांत पॅटी ग्रिफिन या गायिकेचा आवाज प्लँटच्या आवाजाला इतका बिलगून चालतो, की मुख्य कोण आणि साथीला कोण हे सांगवत नाही. ज्या पुरुषाने पस्तीस वर्षांपूर्वी सबंध मैदान एका किंकाळीने भरले, तो येथे एका बाईच्या सुराखाली आपला सूर दबक्या पावलांनी ठेवितो. मिलरची गिटार दूरवर गुरगुरते, जवळ येत नाही. मूळ गाण्याचा गूढपणा तसाच राहून त्यात वार्धक्याची एक थंड झुळूक आली आहे. आणि ती लोच्या तरुण जोडप्यापाशी असणे शक्यच नव्हते. दुसऱ्याचे गाणे का गावे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांस देता येणार नाही.

बाकीच्या गाण्यांत चढउतार आहेत. रिचर्ड टॉम्प्सनचे 'हाउस ऑफ कार्ड्‌स' जोरकस उतरले आहे. टेक्ससची डावखुरी गिटारवादक-गायिका बार्बरा लिन हिचे 'यू कान्ट बाय माय लव्ह' मात्र नुसते खेळकर. ऐकावे व सोडून द्यावे. टाउन्स व्हॅन झँट हा १९९७ च्या पहिल्याच दिवशी वारला. त्याचे 'हार्म्स स्विफ्ट वे' प्लँटने एखादे पत्र वाचून दाखवावे तसे, काही न सजविता गायिले आहे. शेवटच्या गाण्याचे शब्द थिओडोर टिल्टन या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन संपादक-कवीचे. इराणच्या एका राजाच्या अंगठीवरील वचनाची त्यात कथा आहे, आणि साठी उलटलेल्या, जगाची सर्व अंगठ्या-वलये भोगून बसलेल्या माणसाने ती गावी यात कोणासही औचित्य दिसेल. गंमत अशी, की सगळ्या अल्बमात आम्हांस फिके वाटले ते तेच एक स्वरचित गाणे. ते जुन्या लोकगीतासारखे दिसावे म्हणून रचलेले आहे, व तसे ते दिसते. पण शेजारीच खरी लोकगीते असल्यामुळे पितळ उघडे पडते.

'मग वृद्धांचे सर्वच कव्हर-अल्बम चांगले काय?' असा प्रश्न येईल. मुळीच नाही, त्या सर्वांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. प्लँटचाच समकालीन रॉड स्टुअर्ट याने २००२ पासून 'ग्रेट अमेरिकन साँगबुक' या नावाने जुन्या अमेरिकन नाटक-चित्रपटांतील गाण्यांचे अल्बम काढण्याचा सपाटा लाविला, व त्याचा पाचवा भाग नेमका २०१० सालीच बाहेर पडला. तिसऱ्या भागास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. हा तोच स्टुअर्ट, ज्याने १९७१ साली टिम हार्डिनचे 'रीझन टु बिलीव्ह' असे गायिले होते, की ऐकणाराच्या पोटात कालवावे! या पाच भागांत कर्त्यांची नावे बिनचूक आहेत, हिस्सा पोचता झाला असेल, कोणाचे काही बुडाले नाही. तरीही ते अल्बम आम्हांस निर्जीव वाटतात, कारण त्यांतील एकही गाणे गायकाच्या अंगावर आलेले नाही. शेकडो वेळा गायिली गेलेली, घरोघर पाठ असलेली गाणी मऊ गादीवर बसवून आपल्यापुढून मिरवीत नेली आहेत. प्लँटने निवडलेली गाणी त्याच्या बहुसंख्य श्रोत्यांनी कधी ऐकिलीही नव्हती. एकाने लोकांच्या ओळखीचा आधार घेतला, दुसऱ्याने आपली ओळख अनोळखी गाण्यांच्या आधाराला दिली. नाव छापणे ही झाली सचोटी. ती असली म्हणजे कला आलीच असे नव्हे.

परंतु सचोटीचीही किंमत आकड्यांत सांगता येते, आणि ती सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून अशी तजवीज आहे, की एकदा ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झालेले गाणे ठरलेला दर भरून कोणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करावे. २०१० साली पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्यास प्रत्येक प्रतीमागे हा दर ९.१ सेंट होता. एका प्रतीचे नऊ सेंट म्हणजे काहीच नव्हे. परंतु लो या मंडळीसारख्यांचे अल्बम जेथे थोडक्या चाहत्यांपुरते खपतात, तेथे प्लँटच्या अल्बमवर दोन गाणी असणे म्हणजे चार पैशांची निश्चिंती. शिवाय त्याच्या नावावर विसंबून जे श्रोते लोच्या मूळ अल्बमपर्यंत पोचले, ते निराळेच. आमचीच त्या जोडप्याशी ओळख याच रस्त्याने झाली, हे सांगण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. आणि आता हिशेब उलटा मांडून पाहा. 'होल लॉटा लव्ह'चा जगभर जो खप झाला, त्यातील पहिल्या अठरा वर्षांत विली डिक्सन हे नाव किती श्रोत्यांच्या दृष्टीस पडले? आमच्या तर नाहीच पडले. आम्ही ती तबकडी झिजेपर्यंत ऐकिली, मित्रांस ऐकविली, झेपेलिनच्या प्रतिभेवर तावातावाने वाद घातले. आणि मडी वॉटर्सचे मूळ गाणे कानी पडले त्या दिवशी जी खजिली झाली ती आजही स्मरते.

हा अल्बम म्हणजे त्या जुन्या पापाचे प्रायश्चित्त होय, असे कित्येक भाविक म्हणतील. आम्ही म्हणत नाही. एक तर प्लँटने तसे म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही. दुसरे, डिक्सन १९९२ सालीच वारला, व लोच्या गाण्यांवर लोचे नाव छापल्याने त्याचे देणे फिटत नाही. याहून जड असा एक आक्षेप आहे, तो असा की 'सेटन, युअर किंगडम मस्ट कम डाउन' हे कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतून आलेले भजन एका श्रीमंत गोऱ्या इंग्रजाने आपल्या अल्बमात घालावेच का? या आक्षेपास आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. हे गाणे खरोखरच परंपरेचे आहे व तसेच छापले आहे, एवढे म्हणता येईल. बँजोच्या एकसुरी टणत्कारावर तो ते गातो तेव्हा कृष्णवर्णीय गायकाची नक्कल करीत नाही, हेही म्हणता येईल. तरुणपणी ती तो करीत असे. पण त्या भजनाचा जो आद्य कर्ता कोणा शेतमळ्यावर वा मंदिरात होऊन गेला, त्याला नऊ सेंटही मिळाले नाहीत आणि मिळणारही नाहीत, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने पुसली जात नाही.

प्लँटने मात्र ही वाट पुढे सोडली नाही. २००७ साली ॲलिसन क्राउस या गायिकेबरोबर काढलेल्या 'रेझिंग सँड'ने, म्हणजे अशाच बहुतांशी परक्या गाण्यांच्या अल्बमने, २००९ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळविले होते. तिच्याचबरोबर २०२१ साली 'रेझ द रूफ' निघाला. २०२५ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, सुझी डायन या गायिकेस बरोबर घेऊन त्याने 'सेव्हिंग ग्रेस' प्रसिद्ध केला. तोही दुसऱ्यांच्या गाण्यांचाच; आणि त्यात पुन्हा लोच्या त्याच २००५ च्या अल्बममधील 'एव्हरीबडीज साँग' आहे. मिमी पार्कर २०२२ साली वारली. या अल्बमवरही 'विहीर आटली' असे म्हणणारे भेटतीलच. त्यांनी रागावण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून लोचे 'सिल्व्हर रायडर' आधी ऐकावे, मग 'बँड ऑफ जॉय'मधील. आणि त्यानंतर झेपेलिनचे 'होल लॉटा लव्ह' लावावयाचेच झाले, तर मडी वॉटर्सचे आधी लावावे.